आरव्ही-८ : कॅनोपीचा स्कर्ट बसवायच्या आधी

आरव्ही-८ हे किटमधून स्वतः बांधायचं छोटं विमान. कॅनोपी म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरचं सरकतं पारदर्शक झाकण, आणि स्कर्ट म्हणजे तिच्या खालच्या कडेभोवतीची झालर. स्कर्टला हात लावण्याआधी कॅनोपी वीस-पंचवीस वेळा मागेपुढे सरकवून पाहा. रुळावर ती कुठे अडत असेल किंवा बंद केल्यावर दर वेळी नेमक्या त्याच जागी बसत नसेल, तर आज हे काम काढू नका. फायबरग्लासचा स्कर्ट बंद कॅनोपीच्या मापाने बसतो. कॅनोपी नंतर जराशी जरी हलवावी लागली, तरी मागच्या बाजूला फट पडते.

मग गॅरेज तापवा. कॅनोपीची काच २५ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर ड्रिल उचलायचंच नाही. हीटर आदल्या रात्रीपासून लावा, कारण हवा लवकर तापते, काच उशिरा. तळहात टेकवून बघा. आपण काच म्हणतो, पण ते ॲक्रिलिक आहे, आणि गारठ्यात ते ठिसूळ होतं. शिवाय ते पोलादाच्या पाच-सहापट फुगतं-आकसतं. दीड मीटर लांबीत ३० अंशांचा फरक पडला, तर काच आणि तिच्याखालची पोलादी चौकट यांच्यात सुमारे अडीच मिलिमीटरची तफावत येते. म्हणून काच चौकटीला जोडणाऱ्या रिव्हेटपेक्षा काचेतलं भोक मोठं ठेवायचं.

ड्रिलचं पातं ॲक्रिलिकसाठीचंच घ्या आणि काचेमागे लाकडाचा ठोकळा धरा. प्रत्येक भोकाची कड दोन्ही बाजूंनी लगेच गुळगुळीत करा, ‘नंतर एकदम करू’ म्हणून मागे ठेवू नका. माझं एकच भोक तसं राहिलं होतं. सकाळी पाहिलं तर तिथून बोटाच्या पेराएवढा तडा गेलेला, केसासारखा बारीक, तिरप्या उजेडातच दिसणारा. तो पाहून पोटात गोळा आला.

ॲसिटोन, थिनर, पेट्रोल टेबलावरून उचलून खोलीबाहेर ठेवा. स्क्रू घट्ट राहावेत म्हणून लावतात ते लॉकटाइटसुद्धा काचेजवळ नको. त्यानेही ॲक्रिलिकवर बारीक तड्यांचं जाळं उमटतं. स्कर्टची कड जिथे येणार, तिथे काचेवर विनाइलची चिकटपट्टी लावा आणि उरलेली काच पूर्ण झाका. फायबरग्लास घासताना मास्क लावाच.

सगळ्यात जास्त वेळ राखून ठेवा तो स्कर्टच्या खालच्या कडेसाठी. उड्डाणात कॅनोपीवरून जाणाऱ्या हवेचा दाब कमी होतो आणि स्कर्ट बाहेर ओढला जातो. त्यामुळे विमान जमिनीवर असताना स्कर्ट नुसता टेकलेला असून पुरत नाही, त्याने विमानाच्या अंगाला थोडं आवळून धरायला हवं. विमानाच्या पत्र्यावर पॅकिंग टेप लावा म्हणजे इपॉक्सी (फायबरग्लासचे थर जोडणारा, सुकून कडक होणारा चिकट द्रव) तिथे चिकटणार नाही. स्कर्ट पट्ट्यांनी आवळा, त्यावर फायबरग्लासच्या कापडाचे आणखी एक-दोन थर इपॉक्सीने द्या आणि पट्टे दुसऱ्या दिवसापर्यंत सोडू नका. घासण्याआधी पृष्ठभाग पाण्याने धुवा, नाहीतर वर आलेला मेणचट थर पॉलिशपेपरात भरतो.

शेवटी कागदाची पट्टी कडेखाली सरकवून सगळीकडून ओढून बघा. जिथे ती सहज निघते, तिथे पेन्सिलने खूण करा. पुढचा थर तिथेच द्यायचा आहे.