स्वतःची गाडी न बाळगता लागेल तेव्हा भाड्याची गाडी चालवण्याची पद्धत

ज्या घरातली गाडी आठवड्यातून फार तर एकदा बाहेर पडते आणि एरवी सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात असते, त्या घराने एकदा कागद-पेन घेऊन हिशेब मांडावा. आठ लाखांची पेट्रोल गाडी घेतली असे धरू. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या अशा गाडीवर ११ टक्के वाहनकर लागतो, म्हणजे ८८ हजार रुपये गाडी दारात येण्याआधीच जातात. विम्यासाठी गाडीची किंमत ज्या तक्त्यावरून ठरते, त्यानुसार पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत ती निम्म्यावर येते. बाजारात भाव थोडा अधिक मिळेलही, पण वर्षाला सरासरी ८० हजारांची घट धरणे शहाणपणाचे आहे. त्यात कराचा वार्षिक वाटा, विम्याचा हप्ता आणि सर्व्हिसिंग मिळवले की पेट्रोलचा एक थेंबही न जाळता खर्च सव्वा लाखाच्या घरात पोचतो. कर्जाचे व्याज वेगळेच. भाड्याच्या गाडीला दिवसाला अडीच हजार पडतात असे धरले, तर तेवढ्या पैशांत वर्षाचे ५० दिवस गाडी मिळते. आपल्याला खरोखर किती दिवस गाडी लागते, ते मागच्या वर्षाचे कॅलेंडर समोर ठेवूनच मोजावे, कारण अंदाजाने सांगितलेला आकडा नेहमीच फुगलेला असतो. मात्र रोज कार्यालयात गाडीनेच जाणाऱ्याला, किंवा ज्याच्या घरी वारंवार दवाखान्यात न्यावे लागणारे वडीलधारे माणूस आहे त्याला, हा मार्ग सोयीचा नाही.

हिशेब जमला की सेवेचा प्रकार ठरवावा. ब्लाब्लाकारसारख्या सेवेत दुसऱ्याच्या गाडीतली रिकामी जागा मिळते आणि खर्च वाटून घेतला जातो. एकट्याने पुण्याहून कोल्हापूर किंवा नाशिक गाठायचे असेल तर ते पुरेसे आहे. कुटुंबासह जायचे असेल तर चालकाशिवाय मिळणारी, म्हणजे सेल्फ ड्राइव्ह गाडी हवी. बंगळुरूत २०१३ मध्ये सुरू झालेल्या झूमकारने आधी स्वतःच्या गाड्या भाड्याने दिल्या आणि पुढे इतरांच्या गाड्या आपल्या अ‍ॅपवरून देण्याची पद्धत स्वीकारली. या दुसऱ्या पद्धतीत गाडीची निगा ज्याच्या त्याच्या हाती असते, म्हणून अ‍ॅपचे नाव पाहून निश्चिंत न होता त्या विशिष्ट गाडीबद्दल आधीच्या चालकांनी काय लिहिले आहे ते वाचावे. स्वित्झर्लंडमध्ये मोबिलिटी ही सहकारी संस्था १९९७ पासून रेल्वे स्थानकांजवळ तासाच्या बोलीवर गाड्या देते आणि इंधनाचा खर्चही भाड्यातच धरते. सहकाराचा एवढा वारसा असलेल्या महाराष्ट्राला असे काही अजून सुचू नये, याचे नवल वाटते.

बुकिंग करण्याआधी सर्वांत जास्त लक्ष नंबरप्लेटवर द्यावे. १९८९ च्या रेंट-अ-कॅब योजनेनुसार गाड्या भाड्याने देण्याचा परवाना असणाऱ्याकडे किमान ५० गाड्या असाव्या लागतात, आणि अशा भाड्याच्या गाडीची पाटी काळी व अक्षरे पिवळी असतात. पांढरी पाटी ही खासगी वापराची. खासगी गाडीच्या विम्यात गाडी भाड्याने देण्याची मुभा नसते, त्यामुळे अशा गाडीला अपघात झाला तर विमा कंपनी गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते, आणि मग मालक खर्चासाठी चालवणाऱ्याकडेच बोट दाखवतो. गोव्यात पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्तात देऊ करणारे हमखास भेटतात. तिथले वाहतूक खाते अशा गाड्यांवर कारवाई करत असते, तेव्हा दिवसामागे वाचणाऱ्या चार-पाचशे रुपयांसाठी सुटीतला अर्धा दिवस पोलीस चौकीत घालवायचा का, हे ज्याचे त्याने ठरवावे. गाडीचा क्रमांक मिळताच तो सरकारच्या एम-परिवहन अ‍ॅपमध्ये टाकून विमा, पीयूसी आणि फिटनेस या तिन्हींच्या मुदती पाहून घ्याव्यात.

परवाना पक्का हवा, लर्निंगवर गाडी मिळत नाही, आणि बहुतेक कंपन्या वयाची २१ वर्षे पूर्ण असल्याची अट घालतात. डिजिलॉकरमधला परवाना कायद्याने ग्राह्य आहे. ज्याच्या नावावर बुकिंग आहे त्यानेच गाडी चालवावी. घाट चढून कंटाळा आला की ‘दाजी, आता जरा तुम्ही घ्या’ म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. इथे ती महागात पडते. दोघे आळीपाळीने चालवणार असतील तर दुसऱ्या चालकाचे नाव आधीच नोंदवावे. त्याचबरोबर अपघातात आपल्या खिशातून जास्तीत जास्त किती रक्कम जाईल, आणि टायर, काचा, क्लच व गाडीचा खालचा भाग त्या मर्यादेत येतात की नाही, हे करारात शोधावे. बऱ्याचदा ते येत नाहीत.

गाडी ताब्यात घेताना पंधरा मिनिटे राखून ठेवावीत आणि शक्यतो उजेडीच जावे. मोबाइलवर न थांबवता एकच व्हिडिओ काढावा: पुढच्या बंपरपासून सुरुवात करून गाडीभोवती पूर्ण फेरी, चारही चाकांच्या कडा, बंपरची खालची बाजू, समोरच्या काचेचे कोपरे, मग डिकी उघडून स्टेपनी, जॅक आणि पाना, आणि शेवटी गाडी सुरू करून किलोमीटरचा आकडा व इंधनाचा काटा. दारावरचा ओरखडा आपल्याला लगेच दिसतो, पण पुढे वाद होतो तो फुटपाथला घासलेल्या व्हीलकॅपवरून किंवा बंपरच्या खालच्या भेगेवरून. हा व्हिडिओ गाडी हलवण्यापूर्वीच अ‍ॅपवर किंवा मालकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावा, म्हणजे वेळेचा पुरावा आपोआप राहतो. काळ्या पाटीच्या अनेक गाड्यांना ताशी ८० किलोमीटरचा वेगनियंत्रक बसवलेला असतो. द्रुतगती मार्गावर ट्रकला ओलांडताना अ‍ॅक्सिलरेटर दाबूनही गाडी पुढे सरकेनाशी होते, म्हणून तो आहे का हे निघतानाच विचारून घ्यावे.

टोल गाडीच्या फास्टॅगमधून कापला जातो आणि नंतर आपल्याकडून वसूल होतो, म्हणून टोलचे संदेश कोणाच्या मोबाइलवर येतात ते विचारून ठेवावे आणि नाक्यावरचा टोल स्वतः टिपावा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कॅमेऱ्यांची यंत्रणा वेग आणि लेन पाहते. तिचे ई-चलान मालकाच्या नावे निघते आणि काही दिवसांनी आपल्यापर्यंत पोचते. अनामत रक्कम उशिरा परत मिळण्याचे हे एक कारण आहे. गाडी परत करताना इंधन जितके मिळाले तितके भरावे, पावती ठेवावी आणि पुन्हा तसाच व्हिडिओ काढावा. रविवारी संध्याकाळी परतायचे असेल तर घाटातल्या कोंडीसाठी दोन तास जास्तीचे धरूनच बुकिंग करावे, कारण उशिराचा दंड भाड्याच्या दराहून बराच चढा असतो. गणपतीत कोकणात जायचे असेल तर बुकिंग कित्येक आठवडे आधी करावे. ऐनवेळी गाडी मिळत नाही, मिळाली तर दर ऐकून एसटीच बरी वाटते.

घरात आधीच गाडी असेल तर ती विकण्याची घाई करू नये. दोन-तीन महिने ती बंद ठेवावी, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवावी आणि तेवढ्या काळात भाड्याच्या गाडीवर भागते का ते पाहावे. त्यानंतर विकायची ठरलीच, तर फॉर्म २९ आणि ३० भरून हस्तांतर पूर्ण करावे, फास्टॅग बंद करावा आणि नोंदणी खरेदीदाराच्या नावावर झाल्याचे एम-परिवहनवर तपासावे. तोवर तिची चलाने तुमच्याच नावाने येत राहतील.