पहिलं रिलीज काढताय? आधी गाडी ठाण्यापर्यंत तर आणा

आमचं तिघांचं एक छोटंसं सॉफ्टवेअर आहे, हाउसिंग सोसायटीची मेंटेनन्सची बिलं आणि पावत्या काढायचं. ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीचे खजिनदार दर तिमाहीला एक्सेलशी झटापट करत बसायचे ते बघून एका रविवारी सुरू केलं आणि कोड गिटहबवर (कोड ठेवायची नि वाटायची साइट) टाकला. मग दीड वर्ष तसंच चाललं होतं, म्हणजे वापरत होतो, पण कोणी मागितलं की उत्तर ठरलेलं, "मेन ब्रँच उतरवून घे, नाही चाललं तर फोन कर" (मेन ब्रँच म्हणजे चालू कोडची मुख्य प्रत). हे "फोन कर" ज्या दिवशी बंद होतं तो तुमच्या पहिल्या रिलीजचा दिवस. अनोळखी माणसाने तुम्हाला न विचारता ते उतरवून चालवलं पाहिजे, बाकी सगळी तयारी त्यासाठीच.

सुरुवात कापाकापीने करायची. तलावपाळीला भेळ खात आम्ही जी यादी केली त्यात सव्वीस गोष्टी होत्या, व्हॉट्सअ‍ॅपवर आठवण, मोबाइल अ‍ॅप, जीएसटी, भाडेकरू असलेल्या फ्लॅटचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, काय नि काय. मी ठाण्याचा, त्यामुळे मला १६ एप्रिल १८५३ आठवतो. बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्यालाच थांबली, जेमतेम ३४ किलोमीटर, कल्याणपर्यंत रूळ पुढच्या वर्षी पोचले आणि घाट चढायला तर आणखी बरीच वर्षं गेली. पण जेवढा रूळ होता तेवढ्यावरून माणसं बसून खरीखुरी आली. तसं आपलं ठाणं कुठलं ते एका वाक्यात लिहा. आमचं वाक्य होतं, "सेक्रेटरीने फ्लॅटची यादी भरली की तिमाहीची बिलं मराठीत पीडीएफमधे निघाली पाहिजेत". सर्व्हिस चार्जेस सगळ्यांना सारखे, पाणी नळांच्या हिशोबाने, थकबाकीवर सरळव्याज आणि ते वर्षाला २१ टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचं नाही, एवढं ठेवलं. जीएसटीचा प्रश्न एका सभासदाचं महिन्याचं बिल ७,५०० रुपयांच्या वर असलेल्या सोसायट्यांचा, आमच्या ओळखीत तशी एकही नव्हती, काढला. सव्वीसच्या सात झाल्या. जे काढलं ते लपवू नका, रीडमीत (कोडसोबतच्या माहितीच्या फाइलीत) "या व्हर्जनमधे हे नाही" म्हणून सरळ लिहा, नाहीतर पहिले दहा इश्यू (गिटहबवर टाकलेल्या तक्रारी) त्याचेच येतील.

एक गोष्ट मात्र छोटी असली तरी कापू नका, ती म्हणजे डेटाचा फॉरमॅट पुढे बदलायची सोय. लोक एकदा वर्षाचा हिशोब तुमच्या फाइलीत भरून बसले की नंतर टेबल बदलणं फार जड जातं. फाइल कुठल्या फॉरमॅटची आहे तो आकडा पहिल्या रिलीजपासूनच फाइलीत लिहून ठेवा. एस्क्यूलाइट या डेटाबेसमधे त्यासाठी यूझर व्हर्जन नावाची जागा आयती दिलेली आहे, एका ओळीचं काम.

आता खरी परीक्षा. प्रोजेक्टशी काहीही संबंध नसलेला माणूस शोधा, त्याच्या मशीनवर त्याला इन्स्टॉल करायला सांगा आणि तुम्ही मागे खुर्ची टाकून गप्प बसा. गप्प म्हणजे गप्प, हात माउसकडे जायला नको. आम्ही कोपरखैरण्यातल्या एका काकांना पकडलं, ते त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी, लॅपटॉप मुलाने दिलेला. पहिल्या मिनिटाला त्यांनी गिटहबच्या रिलीजच्या पानावरून सोर्स कोडची झिप उतरवली, कारण ती गिटहब प्रत्येक रिलीजला आपोआप चिकटवतं आणि तिच्यावर "झिप" असं ओळखीचं लिहिलेलं असतं. नंतर बरोबर फाइल मिळाली तर विंडोजने निळा डबा दाखवला, हे अ‍ॅप कोणाचं ते आम्हाला माहीत नाही, चालवू का नको म्हणून. काकांनी चष्मा वर केला, "अरे बाळा, व्हायरस तर नाही ना हा?" आणि लॅपटॉपच बंद करायला निघाले. आपण ते मोअर इन्फो, रन एनीवे रोज झोपेत दाबतो, त्यांनी ते जन्मात दाबलं नव्हतं. पुढे काळी कन्सोल खिडकी उघडली तेव्हा "हे काय काळं पान आलं", आणि शेवटी त्यांचं फोल्डर होतं "सोसायटी हिशोब नवीन", मधे स्पेस, देवनागरी नाव, तिथे आमचा प्रोग्राम झोपला.

त्यातूनही बिल निघालं तर त्यावर नितीन या नावाचं "नतिीन" झालेलं. आमच्या लॅपटॉपवर सगळं नीट छापलं जायचं, कारण आम्ही छपाईच्या टेस्टिंगला नावंच रमेश नि सागर घेतली होती! भानगड अशी की देवनागरीत पहिली वेलांटी टाइप होते अक्षरानंतर पण दिसते आधी, ती जागा बदलणं आणि जोडाक्षरं जुळवणं याला शेपिंग म्हणतात, आणि बऱ्याच पीडीएफ लायब्ररी (पीडीएफ बनवणारा दुसऱ्यांचा तयार कोड) ते स्वतःहून करत नाहीत. ब्राउझरमधे ते हार्फबझसारखं इंजिन करत असतं म्हणून स्क्रीनवर सगळं गोड दिसतं. मराठीत काही छापणार असाल तर टेस्टच्या यादीत किशोरी, ज्ञानेश्वर, कुऱ्हाडे, श्रद्धा असली नावं मुद्दाम घाला. त्या एका संध्याकाळी काकूंचा चहा दोनदा झाला आणि आमच्या वहीत चौदा दुरुस्त्या आल्या, त्यातल्या अकरा कोडच्या नव्हत्याच, लिहिण्याच्या होत्या. रीडमी त्यावरून पुन्हा लिहिली, सगळ्यात वर कुठली फाइल उतरवायची, मग निळ्या डब्याचा फोटो आणि तो का येतो, त्यानंतर बाकीचं पुराण. फाइलीचा एसएचए २५६ चेकसमही (उतरवलेली फाइल तीच आहे ना ते ताडायचा आकडा) खाली दिला, काका तो बघणार नाहीत पण जो बघतो त्याला हवाच असतो.

लायसन्स. हे कंटाळवाणं वाटतं म्हणून लोक सोडून देतात आणि तिथेच फसतात, कारण लायसन्सची फाइल नसेल तर कोड सगळ्यांना दिसत असला तरी वापरायचा हक्क कोणालाच मिळत नाही, कॉपीराइट आपोआप लागू असतो. कोणीही काहीही करा, नाव तेवढं ठेवा असं असेल तर एमआयटी. कोणी बदल करून पुढे वाटलं तर त्यानेही सोर्स द्यावा असं वाटत असेल तर जीपीएल. आम्ही भांडून भांडून जीपीएलवर आलो. स्वतः लायसन्स लिहायला मात्र जाऊ नका.

याच्याही आधीचा प्रश्न, कोड तुमचाच आहे का? ऐरोली, महापे, घणसोलीत आयटीत नोकरी करणाऱ्यांना हे जास्त सांगायला हवं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोकरीच्या कामाचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक कंपनी असते, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, आणि काही ऑफर लेटरमधे तर सुट्टीतल्या कामावरही दावा सांगितलेला असतो. आमच्यातल्या एकाला एचआरकडून दोन ओळींचं ना हरकत मेल आणायला पाच आठवडे लागले, त्यामुळे हे काम आजच सुरू करा. आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर हा कोड लिहू नका.

पुढची चूक आमचीच, माझीच म्हणा. टेस्टसाठी मी सोसायटीची खरी यादी वापरली होती, नावं, फ्लॅट नंबर, मोबाइल नंबर सकट, आणि ती रेपोत (गिटहबवरच्या आमच्या कोडच्या साठ्यात) गेलेली. लक्षात आल्यावर फाइल डिलीट करून कमिट केलं, म्हणजे बदलाची नोंद केली, आणि सुटलो असं वाटलं, पण गिट हे प्रत्येक बदल साठवणारं टूल, त्याच्या हिस्टरीत जुनी फाइल तशीच बसलेली असते, कोणीही मागे जाऊन काढू शकतो. पासवर्ड नि एपीआय की (दुसऱ्या सेवा वापरायची गुप्त किल्ली) यांचंही तेच, त्या तर लगेच बदलूनच टाकायच्या, असल्या गोष्टी शोधत फिरणारे बॉट असतात. शेवटी जुनी रेपो उडवून स्वच्छ कोडची नवीन हिस्टरी सुरू केली, आणि कमिटीसमोर जाऊन घडलं ते सांगितलं, ते जास्त अवघड गेलं. रिलीजच्या आठवडाभर आधी गिटलीक्ससारखं पासवर्ड नि की शोधणारं टूल सगळ्या हिस्टरीवर चालवा. फोन नंबर त्यात सापडतीलच असं नाही, डेटाच्या फाइली डोळ्यांनी बघा.

नंबर ०.१.० द्या आणि पुढे चला. सिमँटिक व्हर्जनिंग या नंबर देण्याच्या पद्धतीत शून्याने सुरू होणारा नंबर म्हणजे "अजून काहीही बदलू शकतं" असाच अर्थ आहे, आणि लाज वाटत असेल तर लिनक्स १९९१ मधे ०.०१ ने सुरू झालं नि १.० व्हायला १९९४ उजाडलं हे आठवा. गिटमधे अ‍ॅनोटेटेड टॅग (रिलीजच्या कोडवर नाव-तारखेची खूण) मारायचा, डिपेन्डन्सींची, म्हणजे आपण वापरलेल्या दुसऱ्यांच्या लायब्ररींची, व्हर्जन लॉक फाइलीत बांधायची, आणि चेंजलॉग, म्हणजे काय बदललं त्याची यादी, माणसांच्या भाषेत लिहायचा, कमिटचे मेसेज ओतायचे नाहीत.

तारीख ठरवताना तुमच्या वापरणाऱ्याचं कॅलेंडर बघा. सोसायट्यांचं मार्चअखेर हिशोबात जातं, सप्टेंबरअखेरपर्यंत वार्षिक सभा उरकायची असते, मधे गणपती. तिमाहीच्या पहिल्या आठवड्यात बिलं निघतात तेव्हा नवीन सॉफ्टवेअरला कोणी हात लावणार नाही. आम्ही नोव्हेंबरच्या मध्यातला एक मंगळवार धरला, दोन आठवडे आधी आरसी (रिलीज कँडिडेट, रिलीजआधीची चाचणीची प्रत) काढून तीन सोसायट्यांना दिली आणि तिथून पुढे फक्त दुरुस्त्या, नवीन काही नाही. शुक्रवारी रात्री काढू नका, शनिवारी सकाळी पहिली तक्रार येते आणि तुम्ही माळशेजला असता.

रिलीजनंतर बग सापडला की त्याच ०.१.० ची फाइल गुपचूप बदलायचा मोह होतो. अजिबात नको. मग दोन लोकांकडे एकाच नंबरची दोन वेगळी सॉफ्टवेअरं होतात, चेकसम खोटा ठरतो आणि तक्रार कुठल्याची आली तेच कळत नाही. पुढचा नंबर फुकट असतो, तो वापरा. आमचं ०.१.१ चौथ्या दिवशी आलं, चेंजलॉगमधे एकच ओळ: फ्लॅट नंबर "००१" चा "१" होत होता, आता होत नाही. कळवलं होतं काकांनी, फोनवर नाही, इश्यू टाकून.