एसी बसवल्यापासून ट्रकचा टेन्शनर नाचतोय? आधी हे बघा

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकला केबिनचा एसी कंपनीतूनच येतो, पण जुन्या गाड्यांना लोक बाहेरून कॉम्प्रेसर (इंजिनच्या बेल्टवर फिरणारा एसीचा पंप) बसवून घेतात आणि चार दिवसात परत गॅरेजात, का तर बेल्ट चिरकतोय, टेन्शनरचा (स्प्रिंगने बेल्ट ताणून धरणारा भाग) हात थडथड उडतोय. फिटर म्हणतो टेन्शनर गेला, नवीन टाका. अहो पण कालपर्यंत तोच नीट चालत होता ना! नवीन काय लागलंय, कॉम्प्रेसर, मग शोधायचं पण तिथूनच.

गाडी बंद, चावी स्वतःच्या खिशात. बेल्टची एक रीब (आतल्या बाजूची लांब उभी धार) पुलीच्या बाहेर राहिली तरी वरून दिसत नाही, हात घालून चाचपा. मग बेल्टचा नंबर वाचा, ८पीके१५०० म्हणजे आठ रिबा आणि १५०० एमएम लांबी. दुकानात होता तो टाकलाय आणि लांब पडतोय, असं झालं की टेन्शनरचा हात टोकाला जाऊन टेकतो आणि स्प्रिंगला ओढायला काही उरतच नाही. बऱ्याच टेन्शनरवर खुणा असतात, काटा त्यांच्या मधे पाहिजे.

पण खरा घोळ बहुतेक वेळा ब्रॅकेटचा, म्हणजे कॉम्प्रेसर ज्यावर बसवलाय त्या लोखंडी आधाराचा. सरळ पट्टी क्रँकच्या पुलीच्या (बेल्ट फिरवणारी इंजिनची मुख्य पुली) तोंडाला लावून कॉम्प्रेसरच्या पुलीपर्यंत न्या, वीतभर अंतराला एक-दीड एमएमपेक्षा जास्त फरक दिसला की ब्रॅकेटमागे वॉशर घालून नाहीतर काढून पुली लाईनीत आणायची. पुली तिरकी असेल तर वॉशर एकाच बोल्टला लागतो, सगळ्यांना नाही.

तरी आवाज येतोय? इंजिन स्लोवर ठेवून लांबूनच बेल्टच्या रिबांवर थोडं पाणी मारा (सैल शर्ट, गमछा लांब ठेवा, प्लीज). आवाज थांबून परत आला तर लाईन चुकलीय, वाढला तर बेल्ट घसरतोय म्हणजे ताण कमी. साबण, मेण काही चोळू नका, दोन तास गप्प बसतो आणि नंतर बेल्टच खराब.

एवढं करूनही नाचतोय तरच टेन्शनर खोला, आणि खोललाच तर मागची छोटी पिन तिच्या भोकात बसली होती का ते बघा, बाहेर राहून नुसता बोल्ट आवळला असेल तर नवा टेन्शनर पण तिरकाच बसणार.