तीन नोडच्या कॅसँड्रावर वितरित डेटाबेस शिकताना

वितरित डेटाबेस, म्हणजे अनेक यंत्रांवर विभागून ठेवलेला डेटाबेस, शिकण्यापूर्वी पोस्टग्रेससारख्या एका सर्व्हरवर चालणाऱ्या डेटाबेसवर हात बसलेला असावा. आपली माहिती एका यंत्रावर सुखाने मावत असेल तर प्रत्यक्ष कामातही तेथेच थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढे जायचेच असेल, तर पाच प्रणाली वरवर चाळण्यापेक्षा एकच मोडूनतोडून पाहणे अधिक फलदायी ठरते. त्यासाठी अपाचे कॅसँड्रा सोयीची आहे. फेसबुकमध्ये जन्मलेली ही प्रणाली 2008 मध्ये मुक्तस्रोत झाली. तिच्यात मुख्य नोड (नोड म्हणजे समूहातील एक सर्व्हर) नसतो आणि कोणताही नोड विनंती स्वीकारू शकतो.

टेबल बनवण्याआधी त्यातून कोणते प्रश्न विचारले जाणार आहेत, हे कागदावर लिहून काढावे, कारण पार्टिशन की, म्हणजे कोणत्या ओळी एका गटात (पार्टिशनमध्ये) आणि कोणत्या नोडवर राहतील हे ठरवणारा स्तंभ किंवा स्तंभांचा संच, त्यावरूनच ठरते. समजा, प्रत्येक बस दर 10 सेकंदांनी आपले ठिकाण कळवते. केवळ तारीख ही की ठेवली, तर त्या दिवसाच्या साऱ्या बसगाड्यांच्या नोंदी त्याच मोजक्या नोडवर आदळतात आणि बाकीचे रिकामे बसतात. केवळ बस क्रमांक ठेवला, तर पार्टिशन वर्षानुवर्षे फुगतच राहते. बस क्रमांक आणि तारीख मिळून की केली, की एका पार्टिशनमध्ये 8,640 ओळी येतात आणि भारही विभागला जातो. ही निवड चुकली तर नवे टेबल करून सगळा डेटा त्यात हलवावा लागतो, म्हणून येथे घाई करू नये.

त्यानंतर डॉकरवर (एकाच संगणकात अनेक स्वतंत्र सर्व्हर चालवू देणाऱ्या साधनावर) तीन नोड उभे करून रेप्लिकेशन फॅक्टर, म्हणजे प्रत्येक ओळीच्या प्रतींची संख्या, 3 ठेवावा. आता एक नोड बंद केला तरी क्वोरम पातळीवरील, म्हणजे बहुसंख्य प्रतींचा होकार लागणारे, वाचन आणि लेखन चालू राहते, कारण तीनपैकी दोन प्रती पुरेशा असतात. दोन बंद केले की क्वोरम अडते, पण एकाच प्रतीचा होकार पुरणारी ‘वन’ ही पातळी चालते. खरा धडा यापुढे आहे. पहिल्या नोडवर ‘नोडटूल डिसेबलहँडऑफ’ ही आज्ञा द्यावी, म्हणजे बंद नोडसाठी तो निरोप राखून ठेवणार नाही; उरलेले दोन बंद करावेत आणि पहिल्यावर ‘वन’ पातळीवर एखादी ओळ बदलावी. मग ते दोन सुरू करून पहिला बंद करावा आणि तीच ओळ त्या दोनांवरून वाचावी: जुनी किंमत मिळते, आणि कोणतीही त्रुटी दाखवली जात नाही. वाचनातील व लेखनातील प्रतींची बेरीज एकूण प्रतींपेक्षा जास्त असावी, हा नियम कशासाठी आहे ते यातून नीट कळते. शेवटी तिन्ही नोड सुरू करून प्रतींमधील फरक मिटवणारे ‘नोडटूल रिपेअर’ चालवावे आणि प्रती पुन्हा जुळल्याची खात्री करून घ्यावी.

व्यवस्थापनात सर्वाधिक दुर्लक्ष याच रिपेअरकडे होते. कॅसँड्रात ओळ पुसली की तिच्या जागी टूम्बस्टोन, म्हणजे ‘ही नोंद पुसली आहे’ अशी खूण, लिहिली जाते आणि मूळ सेटिंगनुसार 10 दिवसांनंतर ती खूण काढून टाकण्यास पात्र ठरते. बंद नोडसाठी राखलेले निरोप मात्र मुळात तीनच तासांपुरते साठवले जातात. त्यामुळे त्याहून अधिक काळ बंद राहिलेला नोड पुसल्याची बातमी न कळताच परततो, आणि 10 दिवसांत रिपेअर झाले नाही तर पुसलेली नोंद पुन्हा जिवंत होऊ शकते. म्हणून रिपेअरचे वेळापत्रक पहिल्या दिवसापासून लावावे, आणि दीर्घकाळ बंद असलेला नोड जुन्या डेटासह परत न आणता रिकामा करून नव्याने जोडावा.

दोन लेखनांत विरोध आला तर नंतरची वेळ असलेले जिंकते. साहजिकच सर्व्हर आणि क्लायंट, दोहोंची घड्याळे एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या प्रणालीने) जुळवलेली असावीत. तीन प्रती असणे म्हणजे बॅकअप नव्हे, कारण चुकीची डिलीट आज्ञा तिन्ही प्रतींवर तितक्याच इमानाने पोहोचते. ‘नोडटूल स्नॅपशॉट’ने घेतलेली प्रत दुसऱ्या यंत्रावर हलवावी, आणि ती रिकाम्या क्लस्टरमध्ये (नोडच्या समूहात) उतरवून ओळी वाचता येतात का, हे ठरावीक काळाने तपासावे.