प्रेझेंट परफेक्ट: फॉर्म्युला पाठ आहे पण कॉलवर बोलताना अडतं, त्यांच्यासाठी

आमच्या टीममध्ये मराठी मिडीयममधून आलेली बरीच मुलं-मुली जॉइन होतात, त्यांच्या इंग्लिशकडे बघायचं काम बऱ्याचदा माझ्याकडे येतं आणि मला ते मनापासून आवडतं. हॅव किंवा हॅज आणि पुढे क्रियापदाचं तिसरं रूप, हे सगळ्यांना पाठ असतं, गो वेन्ट गॉन शाळेतच घोकून झालेलं असतं. अडतं ते कधी वापरायचं इथे.

काम पूर्ण झालं की हा टेन्स, एवढंच डोक्यात ठेवलं तर गोंधळ होणारच, कारण 'आय फिनिश्ड' म्हटलं तरी काम पूर्णच झालेलं असतं ना! म्हणून मी सांगते, काम संपलं का हे विचारू नका, ज्या वेळेबद्दल बोलताय ती वेळ संपली का हे विचारा. वेळ संपली असेल तर साधा पास्ट. वेळ अजून चालू आहे, किंवा कधी झालं हे महत्त्वाचंच नाही आणि त्याचा परिणाम आत्ता समोर आहे, तर प्रेझेंट परफेक्ट.

सकाळच्या स्टँडअप कॉलवर, म्हणजे कोणाचं काम कुठवर आलं हे टीमला थोडक्यात सांगायच्या रोजच्या मीटिंगमध्ये, सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे 'आय हॅव फिनिश्ड द टेस्टिंग यस्टर्डे'. हे येतं कुठून तर आपल्या मराठीतून, 'मी त्याला कालच सांगितलंय' हे आपण दिवसभर बोलतो आणि ते शंभर टक्के बरोबर मराठी आहे. इंग्लिशला मात्र हे चालत नाही, यस्टर्डे, लास्ट वीक, टू डेज अगो, इन 2022 असं काही आलं की हॅव काढायचा. मग एकतर 'आय फिनिश्ड द टेस्टिंग यस्टर्डे' म्हणा, नाहीतर यस्टर्डे सोडून 'आय हॅव फिनिश्ड द टेस्टिंग' म्हणा. दुसऱ्या वाक्याचा ऐकणाऱ्याला लागणारा अर्थ असा की झालंय, आता तुम्ही पुढचं काम सुरू करू शकता, आणि स्टँडअपला बहुतेक वेळा हेच सांगायचं असतं.

टुडे आणि धिस वीकला हॅव चालतो कारण दिवस, आठवडा अजून संपलेला नाही. पण धिस मॉर्निंग जरा बघून, दुपारी चार वाजता बोलत असाल तर सकाळ गेली, तिथे साधा पास्ट.

इंटरव्ह्यूत 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स' हमखास येतं. आपण 'तीन वर्षांपासून' आणि 'सोमवारपासून' दोन्हीकडे पासूनच लावतो, इंग्लिश तिथे वेगळं वागतं. सुरुवात कधी झाली ते सांगायचं तर सिन्स, किती काळ ते सांगायचं तर फॉर, म्हणजे 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर थ्री इयर्स' किंवा 'सिन्स 2021'. आणि तो जॉब सोडला असेल तर 'आय वर्क्ड देअर फॉर थ्री इयर्स', इथे 'हॅव बीन वर्किंग' म्हणालात तर तुम्ही अजून तिथेच आहात असा समज होतो. असंच 'हाऊ लाँग हॅव यू बीन इन पुणे' म्हणजे पुण्यात येऊन किती दिवस झाले, आणि 'हाऊ लाँग आर यू इन पुणे फॉर' म्हणजे अजून किती दिवस आहात. उत्तरं पूर्ण वेगळी!

बीन आणि गॉन तर मराठीतून पटकन कळतं. 'शी हॅज गॉन टू लंडन' म्हणजे गेलीये, अजून तिथेच किंवा वाटेत आहे, 'शी हॅज बीन टू लंडन' म्हणजे जाऊन आलीये.

आता मला सगळ्यात उपयोगी वाटणारी गोष्ट. विषय प्रेझेंट परफेक्टने उघडतो आणि डिटेल्स साध्या पास्टमध्ये येतात. 'हॅव यू एव्हर वर्क्ड ऑन लिनक्स?' 'येस, आय हॅव. आय युज्ड इट इन माय लास्ट प्रोजेक्ट.' पहिल्या उत्तरात अनुभव आहे एवढंच, कधी आणि कुठे आलं की लगेच युज्ड. आयेल्ट्सच्या (परदेशी शिकायला-कामाला जाताना देतात ती इंग्लिशची परीक्षा) स्पीकिंगमध्ये पण हे कामाला येतं, तिथे ग्रामरचे वेगळे मार्क असतात. बीबीसीची एखादी बातमी उघडून बघा, बऱ्याचदा पहिल्या वाक्यात हॅज असतो आणि खाली तपशील सुरू झाला की साधा पास्ट. रोज एक बातमी घेऊन कुठे टेन्स बदलला तेवढं मार्क करा, व्याकरणाच्या गाईडपेक्षा यातून लवकर कान तयार होतो.

क्लायंट अमेरिकन असेल तर 'डिड यू सेंड इट येट?' असं ऐकू येईल, ब्रिटिश माणूस तिथे बहुतेक 'हॅव यू सेंट इट येट?' म्हणेल. दोन्ही बरोबर, 'आय ऑलरेडी सेंट इट' पण अमेरिकेत सर्रास चालतं. यस्टर्डेबरोबर हॅव मात्र दोघांनाही खटकतो.