पंपाला हात लावण्याआधी

आयटीआयमधून मेकॅनिक डिझेलचा एक वर्षाचा ट्रेड करून मी इंदूरला देवास नाक्याजवळच्या एका गॅरेजात लागलो. पहिल्याच आठवड्यात उस्तादांना विचारलं, "इग्निशन टायमिंग कुठून बघायचं?" ते म्हणाले, "पहले प्लग दिखा." डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग असतोय कुठे! दाबून तापलेल्या हवेत डिझेल फवारलं की ते आपसूक पेटतं. म्हणजे टायमिंग बघायचं ते फवारा सुटण्याचं, आणि ते ठरवतो नोझलकडे (फवारा सोडणाऱ्या तोंडाकडे) दाबानं डिझेल पाठवणारा पंप. परीक्षेत हे मी लिहून आलो होतो, गाडीसमोर मात्र विसरलो.

जुना टाटा 1210 ट्रक आला की ड्रायव्हर निदान घेऊनच येतो: "मानपूरच्या घाटात गाडी दम टाकते, टायमिंग गेलंय." बहुतेक वेळा टायमिंग जागेवरच असतं. भार ओढताना काळा धूर निघत असेल तर आधी एअर फिल्टर उघडा. आमच्याकडे त्यातून माळव्याची अर्धी माती निघते. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळताच बाहेर येतंय: इंजिन थंड असेल, कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवेवर येणारा दाब) कमी असेल किंवा खरंच टायमिंग मागे असेल. गाडी चालता चालता बंद पडत असेल तर डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरली का ते बघा. हवा काढायचा ब्लीडिंग स्क्रू ढिला करून हँड प्रायमर (हातानं डिझेल ढकलायचा छोटा पंप) मारा, बुडबुडे थांबेपर्यंत.

मिसिंग, म्हणजे एखादा सिलिंडर नीट न पेटणं, शोधायला आयडलवर एकेका नोझलच्या पाइपाचा नट जरा ढिला करायचा. ज्या सिलिंडरला आवाज बदलत नाही, तोच आजारी. चेहरा लांब ठेवा. आणि टेस्टरवर नोझल तपासताना त्यापुढे बोट तर कधीच नको. 200 बारच्या आसपासचा फवारा कातडीतून आत जातो.

आता माझी फजिती. पंप ओव्हरहॉल होऊन आला होता, बसवायचं काम माझ्याकडे. पुलीची खूण जुळवली, पहिला पिस्टन वर आणला, पंप चढवला. गाडी सुरूच होईना, नुसता पांढरा धूर. सहा सिलिंडरच्या इंजिनात पहिला आणि सहावा पिस्टन एकाच वेळी वर येतात, खूण दोघांनाही तीच. मी पंप बसवला तेव्हा कॉम्प्रेशन होतं सहाव्याला. टॅपेट कव्हर काढून बघायचं होतं: सहाव्याचे दोन्ही व्हॉल्व्ह हलत असतील तर पहिला कॉम्प्रेशनवर. पाच मिनिटांचं काम टाळलं आणि अख्खी दुपार गेली.

टायमिंग तपासायचंच झालं तर पंपाच्या पहिल्या एलिमेंटचा (पहिल्या सिलिंडरला डिझेल देणाऱ्या भागाचा) डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग काढा, होल्डर परत बसवून त्यावर वाकडी नळी लावा. रॅक (डिझेल कमीजास्त करणारी दांडी) फुल डिझेलवर ठेवून प्रायमर मारला की धार येते. इंजिन चालायच्या दिशेनंच हळूहळू फिरवा. धार तुटून थेंब थेंब पडू लागले की तिथे इंजेक्शन सुरू. तेव्हा खूण त्या इंजिनासाठी दिलेल्या अंशावर हवी. पुढे गेलात तर तेवढंच मागे आणून भागत नाही, गिअरांमध्ये ढिलाई असते. बरंच मागे जाऊन पुन्हा यायचं. पंप क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, म्हणून तिथली एका अंशाची चूक क्रँकवर दोन अंशांची होते.

रामबागेतल्या आमच्या घरी आईला अजून डिझेलचा वास सहन होत नाही. कपडे वेगळ्या बादलीत जातात. माझ्या पेटीत ती वाकडी नळी आहे, पण महिन्यातून एखाद वेळी निघते. रोज निघतो तो 17-19चा पाना.