फिडल-बँजोची नवी धून रेकॉर्ड करायची आहे?

बँजो म्हटलं की आपल्याकडे गणपतीची मिरवणूक आठवते. इथला, अमेरिकेतला बँजो वेगळा. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी आपल्या मुलखातल्या वाद्यांच्या आठवणीवरून तो घडवला. आज त्याला पाच तारा असतात आणि पाचवी आखूड तार सतत एकच सूर धरून असते. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच. या जोडीचं नाचाचं संगीत म्हणजे ओल्ड-टाइम. मी नोकरीसाठी नॉर्थ कॅरोलिनात आलो, क्लॉहॅमर म्हणजे नखाच्या पाठीने तारा ठोकायच्या पद्धतीचा बँजो शिकलो आणि फिडल वाजवणाऱ्या एका मित्राबरोबर आम्हीच बांधलेल्या काही धुना रेकॉर्ड केल्या. इकडच्या मराठी मंडळींपैकी कुणीकुणी विचारतं, म्हणून थोडं लिहितो.

एक गोष्ट आधी सांगतो. ओल्ड-टाइममध्ये ब्लूग्रास या इथल्याच दुसऱ्या संगीतप्रकारासारखं पाळीपाळीने एकट्याने चमकणं नाही. दोघंही पहिल्यापासून शेवटपर्यंत तीच चाल वाजवतात. बँजोवाला साथीदार नव्हे. गजाने लांबवलेल्या सुराखाली नखाच्या पाठीने ठोका द्यायचा आणि अंगठ्याने मधले स्वर टिपायचे, हे त्याचं काम. म्हणून नवी धून एकाने घरी बसून पूर्ण करून आणली की ती बहुतेक वेळा निम्मीच असते.

साधारण धून दोन भागांची असते, प्रत्येक भाग दोनदा, एकूण 32 मात्राखंड, दर खंडात दोन ठोके. आमच्या एका धुनेत मित्राने दुसऱ्या भागाच्या शेवटी दोन ठोके जास्त ठेवले होते. अशा धुनेला इथे 'क्रुकेड' म्हणजे वाकडी म्हणतात आणि जुन्या वादकांकडे तशा भरपूर आहेत. मी म्हटलं, "यावर नाचणारे अडखळतील." तो म्हणाला, "नाचासाठी नाहीच ती. तिथे गज वळायला जागा लागते, ऐक." आणि त्याने ते ठोके काढून वाजवून दाखवलं, शेवटचा सूर खरंच चिमटीत पकडल्यासारखा तुटत होता. तरी मी अडून बसलो, म्हणून आम्ही ती आठवड्याच्या जॅममध्ये, म्हणजे वादकांच्या अनौपचारिक बैठकीत, नेली. दोन-तीन फेऱ्यांत बाकीचे त्या वळणावर आपसूक थांबायला लागले. ठोके राहिले. माझा आग्रह एवढाच, की स्टुडिओत जाण्याआधी धून चार अनोळखी हातांतून जाऊ द्या. जी दुसऱ्यांच्या हाती बसत नाही, तिचं रेकॉर्डिंग करण्यात मला तरी रस नाही. फिडलवादक जे उंगर (Jay Ungar) यांनी 1982 साली बांधलेली 'अशोकन फेअरवेल' आज कित्येकांना शंभर वर्षं जुनी वाटते, ती मुख्यतः अमेरिकी यादवी युद्धावरच्या 1990 सालच्या टीव्ही मालिकेत वाजल्यामुळे; पण आता ती जॅममध्येही हातोहात फिरते.

आता ट्यूनिंग. नवशिक्यांचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. ए (A) या पाश्चात्त्य सुरातल्या धुनांसाठी फिडलच्या खालच्या दोन तारा चढवून ए-ई-ए-ई करतात, डी (D) सुरासाठी बहुधा ए-डी-ए-ई. बँजोवर कॅपो, म्हणजे तारा एकदम दाबून सूर चढवणारा चिमटा, दुसऱ्या पडद्यावर लावला तरी आखूड तार त्यात येत नाही. ती सातव्या पडद्याशी एका खिळ्याखाली अडकवायची. हे खिळे म्हणजे खेळण्यातल्या रेल्वेच्या रुळांचे इवलेसे स्पाइक असतात, बँजोच्या दांडीत ठोकलेले! तार चढवली की ती लगेच स्थिरावत नाही, आणि बँजोवर खरं चामडं असेल तर दमट हवेत ते सैल पडून सगळंच उतरतं. म्हणून ए सुरातल्या सगळ्या धुना एका बैठकीत उरका, डीच्या दुसऱ्या. जॅममध्येही तासतासभर एकाच सुरात वाजवतात, ते याचसाठी.

रेकॉर्डिंगला एकाच खोलीत समोरासमोर बसा. बँजो जास्त बोलतो. मागच्या बाजूला एखादा मोजा किंवा फडकं कोंबा, नाहीतर खुर्ची मागे घ्या. एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरणारच, त्यामुळे नंतर एखादा सूर बदलता येत नाही. अख्खा टेक पुन्हा. माझ्या मते हे चांगलंच आहे. ठोके मोजणारा मेट्रोनोम कानात नको. रिआनन गिडन्स आणि जस्टिन रॉबिन्सन या वादकांनी 2025 साली आलेला आपला फिडल-बँजोचा अल्बम नॉर्थ कॅरोलिनात उघड्यावर बसून केला आणि किड्यापाखरांचे आवाजही त्यात तसेच ठेवले.

मिनिटाला 115 ठोक्यांच्या लयीत अख्ख्या धुनेची एक फेरी साधारण 33 सेकंदांत होते. पाच फेऱ्या, म्हणजे पावणेतीन मिनिटं, पुरे.

पैशांचं थोडक्यात: अल्बममधून खर्च निघाला तरी खूप. कमाई होते ती शिकवण्या, नाचाचे कार्यक्रम आणि उन्हाळी शिबिरांतून. रीतसर शिकायचं असेल तर जॉन्सन सिटीच्या ईस्ट टेनेसी स्टेट युनिव्हर्सिटीत ब्लूग्रास आणि ओल्ड-टाइमचा पदवी अभ्यासक्रम आहे, तिथे हे शिक्षण 1982 पासून चालू आहे. व्हिसावर असाल तर पैसे घेऊन वाजवण्याआधी वकिलाला विचारा.

जुनी धून घेतली असेल तर ती कुणाकडून शिकलात ते कव्हरवर लिहायची इथे रीत आहे. आपल्या धुनेखाली दोघांची नावं आणि दोन्ही वाद्यांचं ट्यूनिंग छापा. आम्ही बँजोचं छापलं, फिडलचं राहिलं. अजून त्याच प्रश्नाचे मेल येतात.